लोकरी कॅक्टस बुडातून कुजला: बेटावरचं झाड गोव्याच्या पावसात कसं जगवायचं?

बाल्कावातली | १२ ऑगस्ट

फोंड्याजवळ आमचं कौलारू घर आहे. बाल्कावातल्या (दारापुढच्या उघड्या पडवीतल्या) बाकावर, पागोळ्यांपासून हातभर आत, दीड वर्षापासून एक छोटा कॅक्टस होता. घेतला तेव्हा चिठ्ठीवर नुसतं ‘कॅक्टस’ लिहिलेलं. नाव मी मागाहून शोधून काढलं: मॅमिलारिया निवोसा. मुठीएवढा गोळा, सोनेरी काटे, आणि उंचवट्यांच्या बेचक्यांतून पिंजलेल्या कापसासारखी पांढरी लोकर. बुडाशी पाच पिल्लं.

परवा झाडायला म्हणून कुंडी उचलली तर गोळा एका अंगाला कलला. बोट लावलं तर पिकलेल्या चिकूसारखा मऊ, आणि तपकिरी, आंबूस पाणी आलं. वरून अजूनही काटे तसेच सोनेरी दिसताहेत. त्यामुळे किती दिवस आतून कुजत होता कोण जाणे.

हे झाड मी शोभेसाठी आणलं नव्हतं. माझा मामा जन्मभर बोटीवर होता, बरीच वर्षं कॅरिबियनमधल्या फेऱ्यांवर. तिथल्या बेटांवर समुद्राकडच्या उघड्या खडकात, लाटांचे तुषार उडतात तिथे, असे काटेरी गोळे तो बघायचा. घरी आला की सांगायचा, “फातरार वाडटा तें, माती सोदिना.” (दगडावर वाढतं ते, माती शोधत नाही.) लहानपणी मला ते खरं वाटत नसे. आता त्याचे गुडघे गेलेत, तो दिवसभर बाल्कावातच बसतो. झाड आणलं त्या दिवशी त्याने चष्मा लावून अर्धा तास त्याच्याकडे पाहिलं होतं. अजून त्याला सांगितलेलं नाही.

पिल्लं वाचतील का? आणि माझं चुकलं काय? वाळवंटातलं झाड म्हणून आठवड्यातून एकदाच पाणी घालायचे. पावसाळा लागल्यापासून तर पंधरा दिवसांतून एकदा, तेही अर्धी वाटी.

---

रोपवेडा | १२ ऑगस्ट

ताई, बाकीची चर्चा मागाहून होईल. आधी आज संध्याकाळच्या आत हे करा.

झाड कुंडीतून काढा आणि माती सगळी झाडून टाका. धारदार सुरी सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या आणि प्रत्येक काप घेतल्यावर पुन्हा पुसा, नाहीतर कुजकं तुम्हीच एका पिल्लातून दुसऱ्यात नेऊन सोडाल. पिल्लू जिथे आईला चिकटलंय तिथून कापा आणि काप नीट बघा. हिरवट-पांढरा, स्वच्छ हवा. मधोमध तपकिरी किंवा नारिंगी ठिपका किंवा रेघ दिसली, तर कूज आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांतून वर चढली असं समजा. अजून पातळ चकती काढा, पुन्हा बघा. डाग पूर्ण जाईपर्यंत कापत राहा. “थोडासाच आहे, राहू दे” करून मी दोन चांगली झाडं घालवलीत.

कापावर गंधकाची भुकटी लावा. नसेल तर दालचिनीची पूड. मग पिल्लं कागदावर कोरडी ठेवा. इतर ठिकाणी चार-पाच दिवसांत खपली धरते, आपल्याकडे ऑगस्टच्या दमट हवेत दहा-बारा दिवस लागतात. पंख्याखाली ठेवलीत तर उत्तम. तोवर पाण्याचा थेंब नको, माती नको.

---

बाल्कावातली | १३ ऑगस्ट

केलं सगळं. आई पूर्ण गेली, मधून कापली तर निम्म्याहून जास्त चिखल. पाचांपैकी दोन पिल्लांत डाग थेट शेंड्यापर्यंत होता. तीन स्वच्छ निघाली. एक सुपारीएवढं, दोन तर आवळ्याच्या बीएवढी. देवघराच्या खोलीत पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवलीत.

मामाला सांगितलं. काही बोलला नाही, पण आज दुपारी स्वतः उठून काठी टेकत ती बघायला गेला.

---

निळी_अबोली | १३ ऑगस्ट

निवोसाच आहे ना नक्की? आपल्याकडे त्या वर्णनाची जी झाडं विकतात त्यांतली बरीच मॅमिलारिया प्रोलिफेरा असतात. तीही बेटावरचीच, क्यूबा आणि हिस्पानिओलाची (मेक्सिको-टेक्ससकडेही आहे). तिचा झुबका असतो, एकेक गोळा जेमतेम लिंबाएवढा, अंगाने मऊसर, आणि नुसता हात लागला तरी पिल्लू सुटून हातात येतं. लालचुटूक लांबट फळं भरपूर धरतात, चवीला स्ट्रॉबेरीच्या जवळपास. माझ्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली आहे, फळं मुलं खातात.

निवोसा टणक असते, पिल्लं सहज सुटत नाहीत, आणि लोकर प्रोलिफेरापेक्षा कितीतरी दाट. फुलं पिवळट, सायीच्या रंगाची.

---

बाल्कावातली | १३ ऑगस्ट

मग निवोसाच. पिल्लं सुरीशिवाय सुटली नसती, आणि मागच्या वर्षी आलेली चारही फुलं सायीच्या रंगाची होती. ‘निवोसा’ म्हणजे लॅटिनमध्ये हिमाने झाकलेली, असं वाचलं. जन्मात हिम न बघणाऱ्या झाडाला हे नाव लोकरीमुळे पडलं.

---

जांभा | १४ ऑगस्ट

कुंडीत काय भरलं होतं? विकत घेतलं तेव्हाच्याच मातीत होतं का?

---

बाल्कावातली | १४ ऑगस्ट

हो, त्याच मातीत. बदललीच नाही. काळी, हलकी, भुसभुशीत होती.

---

जांभा | १४ ऑगस्ट

तेच खरं कारण. ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बाहेरून नेताना वजन हलकं राहावं म्हणून रोपवाटिकावाले त्यातच भरतात, त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, पण घरी आणल्यावर ते एक दिवसही ठेवू नये. वरून कोरडं दिसतं आणि मधोमध पिळलेल्या स्पंजासारखं ओलं राहतं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट की ते वाळतच नाही. तुम्ही पंधरा दिवसांनी अर्धी वाटी घातलीत ते मुळांना पंधराही दिवस ओलंच होतं.

माझं मिश्रण सांगतो. आपल्या दारात पडलेलं आहे, विकत काही आणावं लागत नाही. चिरे तासताना जांभ्याचा जो बारीक कोरका पडतो तो घ्यायचा. दोन चाळण्यांतून चाळायचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक ते टाकून द्यायचं, हरभऱ्यापेक्षा मोठं तेही. उरलेलं बादलीत धुवायचं, तांबडं पाणी येणं थांबेपर्यंत. चार-पाच पाणी लागतात. कंटाळा करू नका, कारण ती तांबडी धूळ राहिली की कुंडीच्या तळाशी बसून सिमेंट होते. असा जांभा तीन वाटे, जाड नदीची रेती एक वाटा, आणि मुरलेलं शेणखत किंवा पानांची कुजकी माती जेमतेम अर्धा वाटा. कुंडी भाजक्या मातीची, लहान, उथळ. प्लास्टिकची नको, चकचकीत रंग दिलेलीही नको.

---

निळी_अबोली | १४ ऑगस्ट

यात शिंपल्यांचा चुरा घालू का? ही झाडं चुनखडीवर वाढतात असं वाचलंय, आणि आपला जांभा तर आंबट.

---

खाजनकाठ | १५ ऑगस्ट

अबोलीताई, निवोसा कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिकोजवळच्या मोना बेटावर वाढते, ते पूर्ण चुनखडीचं पठार. पण पलीकडच्या कुलेब्रा बेटावरही वाढते आणि तिथला खडक ज्वालामुखीजन्य, चुनखडी नव्हे. म्हणजे हिला चुना हवाच असं नाही. हिला खडकाची फट हवी: पाणी येतं आणि लगेच निघून जातं अशी. मूठभर चुरा घातलात तर बिघडणार काही नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

आता बाल्कावातली, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका शब्दावर थांबतो: ‘वाळवंटातलं’. गोव्यात कॅक्टस मरण्याचं अर्धं कारण हा शब्द आहे. निवोसाचं घर बहामाकडून प्वेर्तो रिको, व्हर्जिन बेटांवरून अँटिगापर्यंतच्या बेटांच्या माळेवर आहे. तिथे वाळवंट नाही. तिथे पाऊस पडतो, हवा दमट असते, वारा खारट असतो, वादळं येतात. २०१७ साली इर्मा आणि मारिया ही दोन चक्रीवादळं दोन आठवड्यांच्या अंतराने त्या भागावरून गेली. समुद्राकाठच्या खडकातल्या झाडाला हे सगळं ठाऊक आहे.

म्हणून आपल्या हवेतल्या बऱ्याच गोष्टी तिला परक्या नाहीत. डिसेंबरातही आपल्याकडे तिला मारील अशी थंडी पडत नाही. दमट हवा तिला सोसते. काणकोण किंवा मोरजीकडे समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तुमची गुलाबं करपतील, ही नाही करपणार. मेक्सिकोच्या उंच पठारावरच्या कॅक्टसना रात्रीचा गारवा लागतो, तो आपल्याकडे कधीच मिळत नाही, त्यामुळे ते इथे कुढत राहतात. म्हणून मी नवीन माणसाला नेहमी सांगतो: गोव्यात कॅक्टस लावायचाय ना, मग बेटांवरचा लावा.

दोनच गोष्टी तिला नवीन आहेत. एक, पावसाचं प्रमाण. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तिच्या कोरड्या बेटांवर याच्या निम्माही नाही, आणि तो सरींनी येतो. सर गेली की ऊन आणि वारा. दुसरी गोष्ट म्हणजे बंद हवा. तुमचा बाल्काव पावसाळ्यात चुडतं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधून झाकलाय का?

---

बाल्कावातली | १५ ऑगस्ट

हो! पश्चिमेच्या बाजूने चुडतं विणून लावतो दर मे महिन्यात. बाक त्याच्याच आड आहे. झाड भिजू नये म्हणून मुद्दाम आत सरकवलं होतं.

---

खाजनकाठ | १५ ऑगस्ट

तिथे ऊनही गेलं आणि वाराही गेला. आत कोकोपीट ओलं. तुम्ही जे सांभाळायला केलंत त्यानेच घात झाला, आणि यात तुमचा दोष नाही, पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. त्यांत असतं की उन्हाळ्यात पाणी द्या, हिवाळ्यात कोरडं ठेवून विश्रांती द्या. आपण हे उलटं करायचं. जूनपासून चवथीपर्यंत विश्रांती, अगदी कोरडं. पावसाची झड संपली की ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी, आणि ते भरपूर, बुडातून वाहेपर्यंत. मग पूर्ण वाळू द्यायचं आणि पुन्हा तसंच भरपूर.

आणखी एक. कॅक्टस दिवसा आपली रंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतो. म्हणून रात्री जिथे हवा खेळती असते अशी जागा त्याला मानवते. पावसाळ्यात झाडाला छप्पर हवं, भिंती नकोत. माझी फळी गच्चीवर पारदर्शक पत्र्याखाली आहे, चारही बाजूंनी उघडी.

---

दर्यावर्दी | १६ ऑगस्ट

बाल्कावातली ताईंच्या मामांना माझा नमस्कार सांगा. मीही बोटीवर होतो, बावीस वर्षं, इंजिनात. त्यांनी पाहिलेले गोळे मीही पाहिलेत.

त्यांना एवढं विचारा, डोक्यावर तांबडी टोपी असलेला गोळा पाहिलात का? तो मेलोकॅक्टस. आधी नुसता कलिंगडासारखा धारांचा हिरवा गोळा असतो, वर्षानुवर्षं. मग एकदा वयात आला की माथ्यावर लोकर आणि तांबूस राठ केसांची टोपी चढायला लागते. टोपी सुरू झाली की खालचा गोळा वाढायचा जवळजवळ थांबतो, पुढे फक्त टोपीच उंच होते. त्या टोपीतून बारीक गुलाबी फुलं येतात, त्यांवर हमिंगबर्ड येतात, आणि फळं मिरचीसारखी गुलाबी. सरडे ती खातात आणि बी पसरवतात. टर्क्स अँड कैकोस या बेटांच्या नावातला ‘टर्क’ म्हणजे हीच तुर्की टोपी. त्यांच्या झेंड्यावरच्या ढालीत शंख आणि शेवंडाबरोबर हा कॅक्टस आहे. आम्ही गोव्याचे तीन जण डेकवरून तो झेंडा बघून बोलायचो, शंख आपला, शेवंडही आपला, तेवढा कॅक्टस मात्र नवा.

बेटावरून उपटून कधी कोणी आणला नाही, आणि आणूही नये. काहीजण बॅगेत घालायचे विचार करायचे, मी रागवायचो.

---

सत्तरीची_सर | १६ ऑगस्ट

माझा एक प्रश्न. आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वईला, म्हणजे कुंपणाला, शेर आणि त्रिधारी निवडुंग आहे. आजी सांगायची, मोडल्यावर दूध निघालं तर तो निवडुंग, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. मग ते कॅक्टस झाले का? त्यांना तर पाऊस काही करत नाही.

---

खाजनकाठ | १६ ऑगस्ट

नाही, ती युफोर्बिया कुळातली, आपल्याच मुलखात रुळलेली, आणि आजी दुधाबद्दल बोलली ते अगदी बरोबर: डोळ्यांना फार वाईट. कॅक्टस ओळखायची खूण काट्याच्या बुडाशी बघायची. कॅक्टसचे काटे एका लहानशा लवदार गादीतून झुबक्याने निघतात. फुलं आणि पिल्लंही अशाच गादीतून. युफोर्बियाला ती गादी नसते.

फक्त दुधावरून ठरवू नका, कारण काही मॅमिलारियांनाही टोचलं की पांढरा चीक येतो. कॅरिबियनमधल्या कुरसाव आणि आसपासच्या बेटांवरची मॅमिलारिया मॅमिलारिस तशीच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये नाव दिलेल्या मोजक्या कॅक्टसांत ती होती. तेव्हा हाताशी आलेले नमुने बरेचसे बेटांवरचे आणि किनाऱ्यावरचे, कारण जहाजं आधी तिथेच लागायची.

कॅक्टस कूळ मुळात सगळं अमेरिकेचं, काजूसारखंच. अपवाद एकच, ऱ्हिप्सॅलिस नावाचा झाडांवर लोंबणारा, तो आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपोआप उगवतो.

---

निळी_अबोली | १७ ऑगस्ट

ताई, मेलेल्या आईच्या लोकरीत मुंग्या होत्या का? असतील तर पिल्लं नीट तपासा. लोकरी जातीची मोठी अडचण म्हणजे पिठ्या ढेकूण. तोही पांढरा, कापसासारखा, आणि लोकरीत बसला की दिसतच नाही. मुंग्या त्याच्या गोड चिकासाठी येतात, त्यामुळे मुंग्यांची रांग हीच पहिली खूण. बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून बेचक्यांत टेकवा: लोकर भिजून नुसती चपटी होते, पिठ्याचा ओलसर पिवळट-गुलाबी डाग पडतो. मुळांवरही बसतो.

---

खाजनकाठ | १७ ऑगस्ट

अबोलीताईंनी महत्त्वाचं सांगितलं. ही कीड हलकी समजू नका. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून कोशिनील किडे, पिठ्याचेच भाऊबंद, भारतात आणले. जात चुकीची निघाली, रंग हवा तसा मिळाला नाही, पण त्या किड्यांनी इथला फड्या निवडुंग मैलोन्‌मैल खाऊन टाकला. आणि सध्या खुद्द प्वेर्तो रिकोत दक्षिण अमेरिकेतून आलेला एक पिठ्या ढेकूण तिथल्या मूळच्या कॅक्टसांना गाठी आणून मारतोय. बेटावरचं झाड दुसरीकडे कुठे पळणार? म्हणूनच दर्यावर्दी म्हणतात ते मला फार मोलाचं वाटतं. जगभरातल्या कॅक्टसांच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्स (संकटातल्या जीवजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराखाली आहेत, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. २०१५ मध्ये १४७८ जाती तपासल्या तेव्हा ३१ टक्के धोक्यात निघाल्या. विकत घेताना एवढंच विचारा: बियांपासून किंवा पिल्लांपासून वाढवलंय का?

---

बाल्कावातली | १८ ऑगस्ट

मुंग्या होत्या. मला वाटलं बाकावर सांडलेल्या चहाला आल्या. ब्रशने तपासलं, मोठ्या पिल्लात दोन पिठ्या सापडले. काढले. बाकीची दोन स्वच्छ.

मामाला टोपीवाल्याबद्दल विचारलं. चेहरा एकदम उजळला. म्हणाला अँटिगाला पाहिला होता, आणि सरडा फळ ओढून नेताना पाहिला होता. हे त्याने आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. दर्यावर्दी दादा, तुमचा नमस्कार पोचवला. कुठल्या बोटीवर होतात ते विचारतोय.

---

बाल्कावातली | २० नोव्हेंबर

उशीर झाला, माफ करा. कळवायचं राहून गेलं.

तेराव्या दिवशी खपली धरली. जांभा भाऊंच्या पद्धतीने कोरका चाळला. सहा पाण्यांनी धुतला, पाचव्यापर्यंत तांबडंच येत होतं. पिल्लं नुसती वर टेकवून ठेवली, पुरली नाहीत. सर्वांत लहान एक सप्टेंबरात सुकून गेलं. दोन राहिली. चवथ झाली तरी मुळं नव्हती. दसऱ्याच्या आधी मोठं पिल्लू हलकेच हलवलं तर हललं नाही. तेव्हा पहिलं पाणी दिलं.

आता दोन्ही कुंड्या पूर्वेकडच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) आहेत. सकाळी दहापर्यंत ऊन, पुढे माडाची सावली. एकदम उन्हात ठेवल्या नाहीत, आठवडाभर पातळ कपडा टाकला होता. मोठ्याच्या शेंड्याला नवे काटे आलेत, जुन्यांपेक्षा पिवळे, आणि मधे बोराच्या बीएवढी नवी लोकर.

पाण्याचा अंदाज चुकू नये म्हणून मामाने एक युक्ती काढली. बुडातून पाणी वाहून गेल्यावर कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो: ४१० ग्रॅम. पूर्ण वाळली की ३३५. रोज सकाळी तोच वजन करतो आणि कॅलेंडरवर लिहितो. ३३५ झाल्यावर आणखी दोन दिवस थांबतो, मग मला हाक मारतो.

खाजनकाठ, जूनसाठी छप्पर हवं भिंती नकोत म्हणालात. बाल्कावाच्या पूर्वेच्या टोकाला पारदर्शक पत्र्याचा तुकडा कौलांखालून पुढे काढला तर चालेल? तिथे चुडतं लावत नाही आम्ही.

---

खाजनकाठ | २० नोव्हेंबर

चालेल. पत्रा दोन हात तरी पुढे काढा, पूर्वेचा पाऊस तिरका येत नाही फारसा. कुंडी जमिनीवर नको, कमरेएवढ्या उंचीवर, जाळीच्या फळीवर ठेवा.

---

दर्यावर्दी | २१ नोव्हेंबर

ताई, मामांच्या बोटीचं नाव कळवा. आमची दोघांची बंदरं एकच असणार असं वाटतंय.